रामटेके काकांची सिक लाइन

रामटेके काका कुणाच्या घरी कॉम्प्युटर बघायला गेले की लगेच खुर्चीत बसत नसत. हात पाठीशी बांधून जरा वेळ पडद्याकडे बघत उभे राहत आणि मग घरच्यांना विचारत, यात शेवटी काय टाकलं होतं? घरचे हमखास सांगत, काहीच नाही टाकलं, आपोआपच बंद पडला. काकांना याचा राग येत नसे. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत मालगाडीचे डबे तपासण्यात काढली होती आणि डबा आपोआप बिघडला असं सांगणारी माणसं तिथे भरपूर पाहिली होती. ते फक्त मान हलवून "हव" म्हणत आणि बसत.

चौबे कॉलोनीत त्यांची आणि आमची भिंत एक होती. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, आम्ही वर्ध्याचे. त्यामुळे मी लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा नवऱ्यानं मला पहिली ओळख करून दिली ती या घराची. काका रिटायर झाले होते, पण खिशातला खडू गेला नव्हता. गॅसचं सिलिंडर लावलं की त्यावर खडूनं तारीख. कुलरचा पंप बिघडला की त्यावर खडूची फुली. नोकरीत त्यांचं कामच ते होतं. उभ्या गाडीच्या कडेनं चालत जायचं, हातोडीनं चाकं ठोकायची, आवाज ऐकायचा. एखादा डबा खराब निघाला की त्यावर खडूनं "सिक" लिहायचं. मग तो डबा गाडीतून तोडून बाजूच्या रुळावर नेऊन ठेवत. त्या रुळाला म्हणायचं सिक लाइन. बाकी गाडी पुढे जायची.

कॉम्प्युटरचा नाद त्यांना मुलामुळे लागला. मुलगा हैदराबादला नोकरीला गेला आणि जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. काका आधी त्यावर पत्ते खेळत. मग कंटाळून त्यांनी तो आतून बाहेरून समजून घेतला, कुणाला न विचारता, पुस्तक न वाचता, फक्त काय केलं की काय होतं हे बघत. इंग्रजी त्यांचं कामापुरतंच होतं. पण इंग्रजी येणाऱ्यांपेक्षा त्यांना एक गोष्ट जास्त यायची, ती म्हणजे थांबून बघणं.

मला त्याचा प्रत्यय आला तो ऑफिसात. राज्य नवीन झालं होतं. राजधानी नवी, पाट्या नव्या, कॉम्प्युटर नवे, आणि आमच्या ऑफिसाची इमारत मात्र जुनीपुराणी. दौऱ्यांचे, उद्घाटनांचे व्हिडिओ जिल्ह्याजिल्ह्यांतून यायचे आणि ते एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवायचं काम माझं. एक दिवस तो फोल्डर उघडला आणि खिडकी अर्धी उघडून तशीच गोठली. माउस हलेना, बंद करावं तर बंद होईना. मशीन बंद करून सुरू केली, फोल्डर उघडला, पुन्हा तेच. कंपनीचा माणूस आला. उंटावरचा शहाणाच होता तो. म्हणाला, व्हायरस आहे, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. त्याच मशीनमध्ये सहा महिन्यांचं काम होतं आणि साहेब माझ्याकडे असे बघत होते की व्हायरस मीच घरून डब्यात आणला असावा. मी दुपारी रिक्षा करून काकांना घेऊन आले.

काका उभे राहिले, बघितलं, बसले. त्यांनी तो फोल्डर उघडलाच नाही. अक्षरांची काळी खिडकी असते, ती उघडली, आणि तिथून आज्ञा लिहून अर्ध्या फाइली दुसरीकडे हलवल्या. मग फोल्डर उघडून बघितला. गोठला. म्हणजे रोगी उरलेल्या अर्ध्यांत. पुन्हा त्यातल्या अर्ध्या हलवल्या. अशी गाडी तोडत तोडत पाचव्या खेपेला ते एका फाइलीवर येऊन पोचले. कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाचा व्हिडिओ होता. मला त्यांनी समजावलं ते असं, की आपण फोल्डर उघडला की कॉम्प्युटर प्रत्येक फाइलीत डोकावतो. पहिलं चित्र कोणतं, लांबी किती, हे तो आपल्याला दाखवायला विचारून येतो. व्हिडिओ कुठे संपतो हे फाइलीच्या शेवटी लिहिलेलं असतं. कॅमेरा मधेच बंद पडला तर ते लिहायचं राहून जातं. मग कॉम्प्युटर त्या फाइलीत शिरतो आणि शेवट शोधत बसतो, आणि तो मिळेपर्यंत आपल्याकडे बघत नाही.

"गाडी उभी हाय म्हनजे सगळी गाडी नाई बिघडली, ज्योतीबाई," ते म्हणाले. "एक डब्बा असते."

मी म्हटलं, उडवून टाका तो डबा. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर आठी पाहिली. त्यांनी फाइलीच्या नावाआधी "सिक" लिहिलं, नावाच्या शेवटची, ही फाइल व्हिडिओ आहे असं सांगणारी अक्षरं काढून टाकली म्हणजे कॉम्प्युटर तिच्यात डोकावणार नाही, आणि वेगळा फोल्डर करून तिला तिथं ठेवलं. त्या फोल्डरचं नाव "सिक लाइन". साहेबांनी चहा मागवला. काकांनी तो उभ्यानंच घेतला.

पुढे रायपुरात कितीतरी कॉम्प्युटरांत त्यांची सिक लाइन तयार झाली. पंडरीच्या एका कापडवाल्याकडे तर त्यांचं भांडणच झालं. त्याच्या पोरानं काका येण्याआधीच हुशारी करून चार व्हिडिओ उडवले होते, त्यातले तीन धडधाकट होते. काका गल्ल्यासमोर उभे राहून त्याला विचारत होते, तुझ्या दुकानात एका थानाला डाग पडला तर तू चार थानं जाळतो का? पोट्टा हिंदीत म्हणत होता, अंकल, व्हिडिओ ही तो थे. काकांनी दिवसभर बसून त्यातला एक परत काढला आणि संध्याकाळी घरी आले. काकूंनी दुपारचं ताट झाकून ठेवलं होतं. त्यांनी ते गरम केलं. अशी झाकलेली ताटं मी त्या घरात खूप पाहिली.

काकूंबद्दल सांगितल्याशिवाय काकांबद्दल सांगता येणार नाही. सुमनकाकू ठसक्याच्या बाई. आवाज असा की आमच्या स्वयंपाकघरात मला कळायचं, आज त्यांच्याकडे कोणती भाजी फसली. काकांना त्या नावानं हाक मारत नसत. "आयकून रायले का?" एवढंच म्हणत. आणि काका बहुतेक वेळा ऐकून राहिलेले नसत. रायपूरला आल्यावर इथल्या बायकांसारखी काकूंना गुडाखूची सवय लागली. तंबाखूचा तो काळा लगदा बोटानं दातांना घासायचा, सकाळी एकदा, दुपारी एकदा. काका सगळ्या शहराचे डबे ठोकून बघायचे, पण घरातली ती डबी कितीदा रिकामी होते हे त्यांनी मोजलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मीही त्यांना दुकानातून डबी आणून दिली आहे.

आवाज आधी घोगरा झाला. मग तीन महिने सर्दी म्हणून गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली आणि स्वरयंत्र काढावं लागेल असंही सांगितलं. जीव वाचेल बहुतेक, आवाज राहणार नाही. काकूंनी घरी येऊन गुडाखूची डबी नालीत टाकली आणि भाकरी थापायला बसल्या. काका बाहेरच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर सुरू करून बसले, काही न करता.

नागपूरला निघायच्या दिवशी काकांनी काकूंचा आवाज धरून ठेवायचं ठरवलं. मुलानं दिलेला लहान कॅमेरा होता. अंगणात खुर्ची टाकून त्यांनी काकूंना बसवलं, पातळ बदलायला लावलं, काय बोलायचं ते सांगितलं. तेव्हा तिथे ते दोघंच होते. मी ऑफिसातून आले तेव्हा काका कॅमेरा हातात घेऊन ओट्यावर उभे होते. बॅटरी संपून तो मधेच बंद पडला होता. तरी घेतलं बरंचसं, ते म्हणाले. रात्रीच्या गाडीनं त्यांना जायचं होतं. महिन्यानं परत आल्यावर त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. फोल्डर उघडला आणि खिडकी गोठली. पुढचं मला सांगायची गरज नव्हती.

काकूंच्या गळ्याला आता एक भोक होतं आणि त्यावर पांढरं फडकं. श्वास तिथून यायचा जायचा. बोलायला गेल्या की ओठ हलत, आवाज म्हणून काही नाही. उशाशी स्टीलचा ग्लास आणि चमचा ठेवला होता. काही हवं असलं की त्या ग्लास वाजवत. लिहिणं त्यांना फारसं यायचं नाही, आणि पाटीवर लिहून भाजीत मीठ जास्त आहे असं सांगण्यात भांडणाची मजाही उरत नाही. म्हणून त्या ओठांनीच बोलत राहिल्या. मी ऑफिसातून आले की त्यांच्याजवळ बसायची, रविवारी दुपारभर. पहिले पंधरा दिवस काही कळेना. मग एक एक शब्द दिसायला लागला. दोन महिन्यांनी तर मला त्यांचा ठसकासुद्धा दिसायचा. एकदा ग्लास वाजवून वाजवून हात दुखला तरी काका बाहेरच्या खोलीतून आले नाहीत, दोन मिनिटं म्हणाले. काकू माझ्याकडे बघून ओठांनी म्हणाल्या, त्याची गाडी लेट हाय. आम्ही दोघी हसलो. काकूंचं हसणंही बिनआवाजाचं होतं, फडकं तेवढं हलायचं.

बाहेरच्या खोलीत काका ती फाइल दुरुस्त करत होते. सकाळी नऊला बसत ते संध्याकाळपर्यंत. औषधं वेळेवर देत, डॉक्टरकडे नेत, भोकाची नळी धुवायलाही शिकले होते, त्यात कधी हयगय केली नाही. पण ते झालं की पुन्हा खुर्चीत. या फाइलीवर मात्र त्यांनी सिक लिहिलं नव्हतं. तिचं नाव होतं "सुमन", आणि तिला त्यांनी बाजूच्या रुळावर नेलं नाही. खिडकी गोठायची, मशीन बंद करायची, सुरू करायची, पुन्हा उघडायची. मुलगा फोनवर म्हणाला, "पापा, डिलीट कर दो ना. आप मम्मी के पास बैठो." त्यानंतर काका महिनाभर मुलाशी बोलले नाहीत.

मला त्यांचा राग यायचा, हे कबूल करते. एकदा मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "काका, त्या आत आहेत. यात नाहीत."

"मले समजत नाई का?" ते म्हणाले. "पन तिचा आवाज यात अडकून रायला. तो काहाडला की थे आयकन. तिचा तिले आयकू येईन. मी तिच्यासाठीच करून रायलो ना, पोरी."

माणूस खोटं बोलत नव्हता. मी आत काकूंजवळ जाऊन बसले.

एका रविवारी काकू स्वतः उठल्या. भिंतीला धरत धरत बाहेरच्या खोलीत गेल्या आणि काकांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पडद्यावर खिडकी अर्धी उघडलेली होती. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मागे न बघता काका म्हणाले, "थांब, हालवू नको." काकू थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग हात काढून घेतला आणि आल्या तशा भिंतीला धरून परत गेल्या. मी दारात होते. काकांना कोण आलं होतं हे कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी जीव वाचेल म्हटलं होतं, पण गाठ छातीत उतरली. काकू आठ महिने जगल्या. गेल्या त्या दिवशी दुपारी मी ऑफिसात होते. काका घरीच होते, बाहेरच्या खोलीत. ग्लास वाजला नाही म्हणून त्यांना वाटलं झोप लागली आहे, बरं झालं. चार वाजता चहा घेऊन गेले तेव्हा त्यांना कळलं.

मुलगा आला, तेरा दिवसांचं काही करायचं नव्हतं, बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. मुलगा चला म्हणाला, काका गेले नाहीत. त्याच सुमारास आमचं ऑफिस नवा रायपूरला गेलं. रुंद रस्ते, लांब लांब इमारती, आणि बस मिळाली तर मिळाली. रोजची दगदग नको म्हणून आम्ही तिकडेच सरकारी घर घेतलं. चौबे कॉलोनीत जाणं महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून एकदा झालं. खरं सांगायचं तर मी टाळायची. त्या घरात गेलं की मला त्यांच्यावर चिडायचं असायचं आणि एकट्या म्हाताऱ्या माणसावर चिडणं शोभत नाही.

वर्षानं त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "ज्योतीबाई, झालं. येऊन जाय."

मी रविवारी गेले. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. ते फारच वाळले होते. त्यांनी मला बसवलं आणि काय केलं ते आधी सगळं सांगितलं, जसं साहेबाला सांगावं तसं. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक फोटोच असतात. त्या फाइलीचा शेवट सापडत नव्हता, म्हणून त्यांनी शेवट शोधणं सोडून दिलं आणि आतला एक एक फोटो वेगळा उचलला. शेकडो फोटो. मग ते क्रमानं पुन्हा जोडले. आवाजाचे तुकडे मात्र सगळे रिकामे निघाले. नुसती खरखर, आणि पुढे तीही नाही.

त्यांनी चालू केलं. काकू अंगणात खुर्चीवर बसलेल्या, हिरवं पातळ, गळा धड. ओठ हलत होते. खोलीत आवाज नव्हता. ते घर तसंही आता त्याला सरावलं होतं.

"काय म्हनते थे?" काकांनी विचारलं. "तुले समजते ना तिचं."

मी म्हटलं, "काका, तुम्ही समोर होते ना तेव्हा?"

"होतो ना." ते पडद्याकडेच बघत होते. "पन म्या क्यामेऱ्याची बत्ती पाहून रायलो होतो. ब्याटरीचं लाल झालं होतं. कवा बंद पडते, कवा बंद पडते, तेच पाहून रायलो होतो. म्या आयकलंच नाई, बाई."

मी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. काकूंनी आधी हैदराबादच्या दोन्ही नातवंडांची नावं घेतली, एक एक सुटं, शाळेत हजेरी घेतात तशी. मग जेवले का, म्हणाल्या. मग मुलाला, पोचल्यावर फोन करजो. हे सगळं काकांनी सांगितलेलं होतं, ते तोंडावरून कळत होतं. मी बोलत गेले, काका मान डोलावत गेले. मग काकूंनी कॅमेऱ्याकडे बघणं सोडलं. नजर जरा वर गेली, कॅमेरा धरलेल्या माणसाच्या तोंडाकडे. ओठ हलले. मला पहिल्याच वेळी दिसलं होतं, तरी मी दोनदा मागे न्यायला लावलं. एवढ्या महिन्यांचा राग माझ्यात होता, आणि आता त्याचा उपयोग करावा असं काही वाटेना. दुसरं काहीतरी गोड सांगून टाकावं असंही मनात आलं. पण बाईचं बोलणं होतं ते. त्यात माझ्या पदरचं घालायचा मला अधिकार नव्हता.

मी म्हटलं, "काकू म्हणतात, मले भेव लागून रायलं."

पडद्यावर काकू तशाच वर बघत होत्या, कुणी काही विचारल्यावर उत्तराची वाट बघतात तशा. ओठ मिटलेले. थोड्या वेळानं चित्र संपलं.

"मंग म्या काय म्हटलं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही चित्रात नाही, काका."

त्यांनी चित्र मागे नेलं. काकूंची नजर वर गेली, ओठ हलले, मिटले, वाट बघत राहिल्या, संपलं. त्यांनी पुन्हा मागे नेलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"बराबर पाह्य ना, पोरी," ते म्हणाले. "काहीतरी म्हटलं असन म्या."